कॅमेऱ्याला लागलेलं कुंकू

डिंडोली, सुरत
मंगळवार

तीर्थस्वरूप भागीरथीआत्या,

तुला साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकली, बाकीची उधार ठेव). गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? दोंडाईच्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी तुझी खुशाली विचारतो आणि प्रत्येक जण सांगतो की तू त्याला रागावलीस. म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. योगिता आणि पोरं मजेत.

पत्रास कारण की, गेल्या शुक्रवारी मी जग पाहिलं. हसू नकोस. आमच्या कम्युनिटी कॉलेजात मी शिवणकाम आणि कापडाची पारख शिकवतो, हे तुला ठाऊक आहे (तू गावात मला 'शिंपी' सांगतेस, हेही मला ठाऊक आहे). दुपारच्या बॅचला बावीस बायका येतात. सकाळी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या, स्वयंपाक उरकायचा, संध्याकाळी पोरं शाळेतून यायची. शिकायला त्यांच्याकडे मधले दोन तासच. अशात आमच्या प्रिन्सिपॉलबेन कुठल्याशा परिषदेहून परतल्या आणि म्हणाल्या, "नरेंद्रभाई, क्लासमां दुनिया लावो, नहितर बपोरनी बॅच बंध." म्हणजे शिकवण्यात जागतिक दृष्टी आणा, नाहीतर बावीस जणींना घरी बसवा. मी लगोलग पृथ्वीचा गोल विकत आणला. सर्वांत थोरल्या विद्यार्थिनी सुभद्राबाई, वय एकसष्ट, यांनी तो दोनदा फिरवला आणि म्हणाल्या, एवढा पसारा मांडला, पण कापूस कुठे पिकतो ते दाखवलंच नाही. मी गोल कपाटात ठेवला.

मग बेननीच ओळख काढून घाना देशातल्या एका विणकाम-शाळेशी संगणकावर समोरासमोर भेट ठरवली. तिथल्या बाईंचं नाव आमा. मी आठवडाभर इंग्रजी घोटलं, वर्ग झाडून घेतला. खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं, म्हणून घरच्या माळ्यावरून तू दिलेली गोधडी आणून खिडकीवर टांगली (उलटी टांगली; का ते पुढे सांगतो). सगळं जय्यत झालं, पडद्यावर आमाबाई आणि त्यांची मुलं-मुली उमटली, आणि मी 'गुड' एवढं म्हणेपर्यंत सुभद्राबाई ताट घेऊन उठल्या. मी डोळे वटारले. पण पाहुणे आले की कुंकू लावायचंच, हा त्यांचा नेम. त्या म्हणाल्या, "पाव्हना उनात सर, कपाय कोरं कसं ठेवानं?" आणि त्यांनी ओवाळून संगणकाच्या कपाळी कुंकवाचं भलंमोठं बोट टेकवलं. आत्या, संगणकाचा कॅमेरा नेमका कपाळावरच असतो.

घानात सुरत लालभडक झाली. आमाबाई काळजीने विचारू लागल्या, तिकडे आग तर लागली नाही ना? मी रुमालाने पुसलं. कुंकू तेलात कालवलेलं, ते आणखी पसरलं. बेन दारात उभ्या. मला वाटलं, गेली बॅच, गेल्या बावीस जणी. तेवढ्यात कुणीतरी खिडकीवरची गोधडी ओढली, तिच्या कोपऱ्याने कॅमेरा खसाखसा घासला, आणि लाली गेल्यावर त्या लोकांना पहिलं काय दिसलं असेल, तर वीतभर अंतरावर तुझा धावदोरा.

 आमाबाईंनी आपल्या पोरांना पुढे बोलावलं. मी गोधडी खाली ओढायला गेलो, तर त्या म्हणाल्या, थांबा, हलवू नका. त्यांच्याकडे हातमागावर अरुंद पट्ट्या विणतात आणि एकीला एक जोडून अंगावर घ्यायचं वस्त्र करतात. त्यांनी आपलं वस्त्र कॅमेऱ्यासमोर धरलं, आमच्या बायकांनी तुझी गोधडी धरली, आणि दोन्हीकडचे लोक भाषेवाचून बोटांनी एकमेकांचे जोड मोजायला लागले. इंग्रजी घोटलेला मी खांबासारखा उभा. मग आमाबाईंनी मला विचारलं, या तुकड्याशेजारी तोच तुकडा यावा, हे कुणी ठरवलं? मी जवळ जाऊन बघायला लागलो. आत्या, मी कापडाची पारख शिकवतो आणि ही गोधडी मी कधी नीट पाहिलीच नव्हती. निळ्याजवळ हळदी, हळदीजवळ विटकं जांभळं, आणि टाका कुठेही चुकलेला नाही. मी अक्षरशः थक्क झालो. अजून आहे.

सर्वांना यथायोग्य सांग. म्हशीलाही.

तुझा भाचा,
नरेंद्र

ता. क. आमाबाई येत्या शुक्रवारी पुन्हा भेटायला तयार आहेत, पण अट एकच: गोधडी शिवणारी समोर हवी. बेन म्हणाल्या, ती आली तर बॅच चालू. मी 'येस' म्हणून बसलो आहे. हे पत्र आजच गावी निघालेल्या एकाच्या हाती देतो आहे, म्हणजे उद्या तुला मिळेल. गुरुवारच्या पॅसेंजरने निघ, उधन्याला उतर, मी फलाटावर असेन. येताना सुई आण. एवढ्या मशिनींच्या सुरतेत तुझ्या मापाची सुई मिळाली नाही.

ता. क. २. फोनवर तू दर वेळी विचारतेस, गोधडी वापरतोस ना, आणि मी सांगतो, रोज. खोटं आहे. आठ वर्षं ती माळ्यावर होती. आल्यागेल्याला चिंध्यांचं पांघरूण दिसू नये, म्हणून. उलटी टांगली तीही त्याचसाठी. मधल्या खाकी तुकड्याबद्दल आमाबाईंनी विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं की हे आमच्या भागातलं पारंपरिक कापड. सुभद्राबाईंनी तुकडा चिमटीत धरला. "सर, हाई तं शाळानी चड्डी शे." माझीच आहे, आत्या. तू ती बरोब्बर मधोमध लावली आहेस.

ता. क. ३. तिकडे मी तुझी ओळख 'आमच्या प्राध्यापिका' अशी करून दिली आहे. तेव्हा तू तिसरीत शाळा सोडलीस, हे तेवढं बोलू नकोस. नाही, बोलच. मी त्यांना इंग्रजीत नीट सांगेन.