पहिल्या हंड्याचा मान

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

चिठ्ठी पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून तुमच्या जलशुद्धीकरण केंद्राची गाडी दवाखान्यात क्लोरिनच्या गोळ्या टाकायला आली, तशी ड्रायव्हरच्याच हाती ही देतेय.

आमच्याकडे काविळीचे पेशंट वाढलेत. दोन आठवड्यांत नऊ, आणि नऊच्या नऊ आत्याच्या गल्लीतले. डॉक्टर म्हणतात, बाहेरचं अरबट-चरबट खाल्लं असेल. आता सत्तरी ओलांडलेल्या, दात नसलेल्या माणसांनी बाहेर जाऊन काय खाल्लं, ते त्या डॉक्टरांनाच ठाऊक! गल्लीने पाणी-तक्रार मंचाकडे अर्ज केलाय. तिकडे तुमच्या खात्याचा फलक नळावर झळकतोय, पाणी पिण्यास योग्य म्हणून, आणि खाली नमुना घेणाऱ्याची सही तुझी. लगेच ओळखली रे. शाळेत असताना माझ्याच वह्यांवर गिरवायचास.

आत्या ठणठणीत आहे. गल्लीत सकाळी चाळीसच मिनिटं पाणी येतं, पण म्हाताऱ्यांना आणि पोटुशी बायकांना रांगेत पहिला मान, त्यामुळे हिचा हंडा सगळ्यांच्या आधी भरतो. त्याचा तोरा काय सांगू! म्हणते, पहिल्या पाण्याला औषधाचा वास नसतो, मागच्यांना मेलं दवाखान्यासारखं पाणी मिळतं.

तेवढं एकदा येऊन बघ. दोन नर्स रजेवर आहेत आणि माझे पाय संध्याकाळी माझे राहत नाहीत. वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी सोळा नळ फिरतो. प्रत्येक नळाचं तोंड पेटत्या बोळ्याने शेकायचं, पाच मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मग बाटली भरायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. अकरा वर्षांत एक पायरी गाळलेली नाही. बाकीचे एकाच नळावर चार बाटल्या भरून घरी जातात, मला ते जमत नाही.

तरी तू म्हणालीस म्हणून काल आत्याच्या गल्लीत गेलो. पाणी सहाला सुटतं, मी वीस मिनिटांनी पोचलो, सगळं नियमाने केलं. नमुना आजही स्वच्छ आला. आत्या तांब्या घेऊन धावत आली होती, पण ड्रायव्हर थांबेना. तिला माझा नमस्कार सांग, आणि रागावली असेल तर समजूत काढ.

साहेब म्हणाले, दवाखान्याने आपलं घर सांभाळावं. मला कायम करायची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे, तेव्हा मी मान हलवली. तरी आजारी कोण कोण पडलं ते लिहून पाठव. मनातून जात नाही.

तुझा,
धाकटा


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आत्याचे डोळे पिवळे झालेत. परवा दाखल करून घेतलं. कॉट भिंतीकडची दिलीय, तर पंखा लागत नाही म्हणून भांडतेय. भांडतेय तोवर मला धीर आहे.

यादी मागितलीस. आत्तापर्यंत तेरा. अकरा म्हातारी माणसं, दोन पोटुशी. रांगेत शेवटी उभ्या राहणाऱ्या सुना, त्यांची पोरं, एकालाही काही नाही. शिंप्याची आई, आत्याच्या मागे दुसरा नंबर असायचा ती, काल गेली.

आता जे लिहितेय ते वाचून मला शिव्या दे. दहाच्या वर आकडा गेला की साथ जाहीर करावी लागते, वरून माणसं तपासायला येतात. म्हणून डॉक्टरांनी मला म्हाताऱ्यांपुढे वार्धक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं. शिंप्याच्या आईपुढेही लिहिलं. तिच्या अंगाला हळदीसारखा रंग होता रे, आणि मी वार्धक्य लिहिलं.

ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

शिव्या कोणी कोणाला द्यायच्या? यादी वाचली आणि तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. पहिल्या पाण्याला औषधाचा वास नसतो, असं आत्या म्हणाल्याचं तू लिहिलं होतंस. तेव्हा ते वाचून मी हसलो होतो. मी! क्लोरिनच्या वासावर अकरा वर्षं पोट भरणारा माणूस! वास नाही म्हणजे पाण्यात औषधच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

काल पावणेसहालाच नळापाशी जाऊन उभा राहिलो. पहिली धार आली ती बाटलीत धरली. दिसायला काचेसारखी. क्लोरिन तपासायचे थेंब टाकून पाहिले, पिवळा रंग चढायला हवा तो चढलाच नाही. प्रयोगशाळेने आज सांगितलं, त्यात गटार आहे. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा पडतो आणि कुठल्यातरी फटीतून शेजारचं गटार आत झिरपतं. पहिली दहा मिनिटं तेच वाहतं. आणि मी पाच मिनिटं पाणी सोडून, उशिरा येऊन, मागचं स्वच्छ पाणी बाटलीत भरत होतो. नियमाने.

साहेब म्हणाले, पाणी न सोडता घेतलेला नमुना ग्राह्य नाही, बाटली ओतून टाक. दोन एप्रिलला मंचापुढे सुनावणी आहे. माझे सगळे नमुने स्वच्छ निघाले असं प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे ठेवलंय. त्यात एक अक्षर खोटं नाही गं, हेच मला खातंय. सही केली की फाईल पुढे सरकेल. नाही केली तर काय होईल, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. काय करू?

धाकटा


ता. २२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काय करू ते मी सांगणार नाही. भाकरी तुझी आहे, आणि लहानपणी माझं ऐकून तू किती वेळा मार खाल्लायस ते मी विसरले नाही. माझ्यापुरतं सांगते. मी त्या दिवशी मंचाकडे दवाखान्याची नोंदवही घेऊन जाणार. अकरा नावांपुढचं वार्धक्य खोडून कावीळ लिहिलंय, प्रत्येक खाडाखोडीवर माझी सही केलीय. डॉक्टर बोलायचे बंद झालेत. तेवढीच शांतता.

आत्याला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, तो जेवतोय ना.

ताई


ता. २ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातले दोन ड्रायव्हरला दे, आजारपणात माझी चौकशी करायला तोच येत होता.

हात कापतो, अक्षर लावून घे. सुनावणीत तू सही न केलेलं प्रतिज्ञापत्र आणि ती बाटली शेजारी शेजारी ठेवलीस, ते ताईकडून मी चारदा वदवून घेतलं. आवाज फुटत नव्हता म्हणे तुझा. लहानपणी कविता म्हणतानाही फुटायचा नाही. आता तुला भांडारात तोट्या मोजायला बसवलंय, फाईल तळाशी गेलीय, हेही कळलं. मला वाईट वाटतं रे बाळा. शाबासकी पण देते, पण आधी वाईट वाटतं.

मंचाने हुकूम काढला, साठ दिवसांत पाइप बदला. तोवर नळावर नवा फलक, पहिली दहा मिनिटं पाणी भरू नये. तेव्हापासून गल्लीने ते काम मला दिलंय. नळापाशी स्टुलावर बसते, मांडीवर घड्याळ. तू पाच मिनिटं सोडायचास, मी दहा सोडते. मग वास घेते आणि भरा म्हणते. पहिला नंबर अजून माझाच! पण उरलेल्या तीस मिनिटांत शेवटच्या चार घरांना पाणी पुरत नाही. त्या बायका माझ्याकडे बघतात, मी घड्याळाकडे बघते.

शिंप्याची आई कुरकुरायची तेव्हा मी मोठेपणाने तिला म्हणायचे, ये, आज माझ्या आधी तू भर. दिवसातून दहा वेळा ते आठवतं. कोणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

साठ दिवस काल संपले. एक माणूस आला नाही, एक कुदळ पडली नाही. ताईने दवाखान्यातल्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणून दिल्या होत्या. हुकूम झाल्यापासून रोज पहिल्या धारेची एक बाटली भरते, तारीख चिकटवते आणि फळीवर ठेवते. ग्राह्य नाहीत, माहीत आहे मला. आज एकसष्टावी भरली.

मंगळवारी मी आणि ताई त्या घेऊन मंचाकडे जाणार आहोत. एवढं ओझं आम्हा दोघींच्याने उचलायचं नाही. एक दिवस रजा टाक आणि ये.

लोभ आहेच. वाढवायचं म्हणशील, तर थोडी ताकद येऊ दे.

तुझी,
आत्या