ताईची दलदल

४ मे, रविवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोघं लागतील, इतके गुडघे बोलताहेत. आठवडाभर माती तपासत खड्ड्यात बसून आहे. बाकी मजेत. खोलीला मोठी खिडकी आहे, चहा वेळेवर मिळतो. घरमालकीण बूट दाराबाहेर काढायला लावते, तूही असाच छळ करायचीस.

भाऊजींचा फोन आला होता. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात तुझा तो जुना दलदलीचा नकाशा फ्रेम करून देणार आहेत म्हणे. "दलदलीच्या राणीला दलदलच द्यायची," म्हणून हसत होते. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र आधी हे पत्र लिहायला घेतलं.

कारण सांगते, पण आधी तू नीट बस.

हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीखालची ती तुझी निळसर राखाडी जुनी माती. ती निळी, म्हणजे बर्फ येण्याआधी इथे दलदल असणार, असं तू लिहिलंस आणि आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं. तुझ्या वेळी टेकडी खणायला कुणी देईना, म्हणून तुझे खड्डे सगळे रस्त्याकडेचे. मी या खेपेला टेकडीपलीकडे गेले. तिथे वरचा थर वाळूचा, पाणी निथळून जातं. आणि त्याखाली तीच माती, ताई, चांगली तांबूस आहे! मुळांच्या जुन्या वाटा तशाच, आतून चिकणमातीचा लेप बसलेल्या. असा लेप दलदलीत बसत नाही, हे तूच मला कान पिळून शिकवलंस. तुझ्या रस्त्याकडेच्या बाजूला वरचा थर चिकणमातीचा. पाणी कोंडलं, हवा पोचेना, मातीतल्या लोखंडाची लाली उडाली. म्हणजे माती निळी झाली ती गाडली गेल्यानंतर.

दलदल नव्हतीच गं. कोरडं, झाडांनी भरलेलं रान होतं.

लिहिलं एकदाचं! सकाळपासून या वाक्याला बगल देत होते. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, त्या तांबड्या भिंतीपुढे मी एकटीच नाचलेसुद्धा. आणि पहिला विचार आला तो, हे ताईला कधी दाखवते.

यावरचा पेपर अजून छापायला पाठवलेला नाही. समारंभाआधी ये, स्वतः खड्ड्यात उतरून बघ. मी चुकले असेन तर पूर्वीसारखा कान धर. चुकले नसेन, तर तुझी चूक तुझ्याच हातून दुरुस्त झालेली मला हवी आहे. पेपर दोघींचा, पहिलं नाव तुझं.

तुझ्याच हाताखाली शिकून तुझ्यावर उलटलेली, आणि तरीही तुझीच,

धाकटी