कोरसमधली अकरा माणसं

तीर्थरूप काकांना,

इथूनच वाकून नमस्कार. (हेडफोनची वायर पुरते तेवढंच वाकले आहे, गोड मानून घ्या.) गुडघा कसा आहे? काकू जिना चढू देत नसतील तर त्यांचंच ऐका.

एक गाणं चालावं म्हणून माणसं काय काय करतात, हे पदवीच्या तीन वर्षांत मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आमच्या साहेबांनी चाल दिलेली इतकी गाणी गाजली, तरी नवं गाणं सुरू करताना ते दर वेळी नवख्यासारखे चाचपडतात. परवा गायिकेकडून त्यांनी एकच ओळ चार दिवस गाऊन घेतली आणि शेवटी ठेवली पहिल्या दिवशीची पहिलीच. मी विचारलं, मग बाकीचे दिवस वाया गेले का? म्हणाले, "त्याशिवाय पहिली चांगली होती हे कळलं कसं असतं?" मी ते वहीत लिहून घेतलं. (अशा तीन वह्या भरल्या आहेत.)

आता माझा पराक्रम. कोरससाठी साहेबांनी चहावाल्या मावशी, रखवालदार, समोरचा न्हावी अशी अकरा माणसं गोळा केली आणि 'माइक तपासायचाय, जरा टाळ्या वाजवत ही ओळ ओरडा' असं सांगून गाऊन घेतलं. प्रत्येकाचा सूर वेगळा, टाळ्या मागेपुढे. मला म्हणाले, जपून ठेव. मी घरातली पहिली पदवीधर. नुसतं जपून ठेवणं मला कसं पटावं? दोन दिवस खपून मी अकराही आवाज संगणकावर सुरात बसवले, टाळ्या सरळ केल्या आणि जुन्यावरच सेव्ह केलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "यातली माणसं कुठे गेली गं?" मी पुन्हा ऐकलं, आणि काका, खरंच तिथे कोणी नव्हतं.

त्या अकरा जणांना परत बोलावलं, तर आता सगळ्यांना ठाऊक आहे की हे रेकॉर्डवर येणार. रखवालदार मफलर गुंडाळून आला, गरम पाण्याशिवाय काही घेईना. मावशी तर तोंड उघडण्याआधी हात जोडून उभ्या. साहेब म्हणाले, "गेली ही कामातून." गाणं सोमवारी कंपनीकडे जायचंय. कोरसशिवाय ते जाणार नाही, आणि ते नाही गेलं तर मलाही जावं लागेल. बाबांनी शाळेतली ती नोकरी माझ्यासाठी अडवून धरलीच आहे.

तुमची,
पुतणी

ता. क. रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन या. 'पोरीचं ऑफिस बघायचंय', एवढंच सांगा. आपल्या घरात एकालाही सुरात गाता येत नाही असं मी सहज म्हणाले, तर साहेब खुर्चीतून उठलेच. "एकालाही?" असं दोनदा विचारलं. आपल्या घराण्याकडे इतक्या आदराने आजवर कोणी बघितलं नसेल. बाबांना तर आणाच.

आणखी एक ता. क. तुम्हाला गायची किती हौस आहे ते मी जाणते, पण कोणाला तरी खरं सांगणं भाग होतं, आणि हे पत्र वाचून तुम्ही बाद झाला आहात. निदान टाळ्या तरी, असं तुम्ही म्हणालच, म्हणून साहेबांना आधीच विचारून ठेवलं. त्याही नकोत म्हणाले.