भट्टीपासून कड्यापर्यंत

५ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! गाद्या, भांडी, हिची मोगऱ्याची कुंडी आणि आमची लेक चिमी, सगळं शाबूत. घर छोटं पण उजेडाचं. मागच्या खोलीच्या खिडकीतून आधी कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब दिसतो, मग लांबलचक मैदान, मग जुनी दगडी चुनाभट्टी, आणि तिच्यामागे कडा नि समुद्र. भट्टी विझून शंभरावर वर्षं झाली. कडा ढासळत चाललाय, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला मला नेमलंय. म्हातारीची शुश्रूषाच म्हणायची! चिमीच्या खोकल्याने वर्षभर आमच्या नाकात दम आणलाय. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आणि मी ही बदली मागून घेतली. सासूबाईंनी नाक मुरडलं. मुरडू देत.

७ ऑक्टोबर
काम अगदीच सोपं. भट्टीच्या समुद्राकडच्या भिंतीत एक लोखंडी कडी आहे. तिला टेप अडकवायची, कड्याच्या टोकापर्यंत चालत जायचं, अंतर लिहायचं, साहेबांना कळवायचं. माझ्या आधीचा माणूसही असंच करायचा. आज भरलं बारा मीटर. भट्टीचं तोंड मात्र आमच्या घराकडे आहे. या बाजूने कोळसा टाकत असणार. ही म्हणते, सारखी आ वासून बघत असते मेली.

१९ ऑक्टोबर
वादळात कड्याचा केवढा तरी लचका तुटला. धावत जाऊन मोजलं. बारा मीटर! जीव भांड्यात पडला. साहेब फोनवर खूश, म्हणाले तुमचा पायगुण चांगला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिमी आठवडाभर खोकलेली नाही. मागच्या खोलीची भिंत ऊबदार लागते म्हणून तिने आपली खाट तिकडेच ओढून घेतली. उन्हाने तापत असेल.

२ नोव्हेंबर
कडा पुन्हा तुटला. पुन्हा बारा. टेप बिघडली असेल म्हणून नवी कापडी टेप आणली, तरी बारा.
दुकानवाल्या काकू गप्पिष्ट आहेत. त्या सांगत होत्या, तुमच्या घरामागच्या मैदानात दोन घरं होती, माणसांसकट समुद्राने नेली. मीही चार शब्द हळहळलो आणि निघालो. अर्ध्या वाटेत पाय थबकले. मध्ये भट्टी आहे. त्या घरांपर्यंत यायला समुद्राला आधी भट्टी गिळावी लागली असती.

३ नोव्हेंबर
दोरीचा खांब दिसेना. ही म्हणाली, वाऱ्याने पडला असेल. शोधला. भट्टीच्या पलीकडे, कड्याच्या बाजूला उभा होता. चिमीचा फ्रॉक अजून चिमट्याला लटकत होता.
घराकडच्या बाजूने आजवर कुणी मोजलंच नव्हतं. मीही नाही. धोका समुद्राचा, मग मोजायचं समुद्राकडेच, एवढी साधी समजूत! आज मोजलं. टेप फारशी सोडावीच लागली नाही.

५ नोव्हेंबर
साहेबांना सांगितलं, भट्टी घराकडे सरकतेय. हसले. हवा मानवलेली दिसत नाही, म्हणाले. हिला सांगितलं. ती हसली नाही, पण म्हणाली, पोर वर्षात पहिल्यांदा शांत झोपतेय, तिला परत त्या शहराच्या धुरात कशी नेऊ? खूप भांडलो. शेवटी तयार झाली. गाडीवाला परवा सकाळीच येईल म्हणतो. त्याआधी इथून जायला काही नाही.

६ नोव्हेंबर
मागची खिडकी उघडत नाही. पलीकडे दगड आहे. भिंतीला हात लावला तर चटका बसला. चिमीची खाट पुढच्या खोलीत आणली. खूप रडली. म्हणते, मला तिकडेच बरं वाटतं. मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, बरं वाटेल म्हणून. नाही वाटलं.

७ नोव्हेंबर, सकाळ
चिमी खाटेवर नाही. मागच्या खोलीला भिंत नाही. भट्टीचं तोंड आहे —
आतून खोकला येतोय. तिचाच. तो खोकला मी ओळखणार नाही?
टेपचं एक टोक हिच्या हातात दिलं, दुसरं कमरेला बांधून आत गेलो. बाहेरून बघावं तर भट्टी एका खोलीएवढी. सगळी टेप संपली, पलीकडची भिंत लागली नाही. खोकला तेवढाच लांब. टोक सोडवून तिथेच ठेवलं, तिच्या हाताला लागलं तर — टेप धरत धरत परत आलो. गाडीवाला दोर आणायला पळालाय. तोवर लिहितोय. कुणाला तरी कळायला हवं, मीच आणलं तिला इथे, मीच —

खोकला थांबला.

टेप ताणली गेली. हिने ओढली. आतून उलटी ओढ बसली. चिमीची नव्हे, पोरीच्या अंगात एवढा जोर —

सोड म्हणतोय. सोडत नाही. म्हणते, "चिमीनेच धरली असेल तर?"

काय सांगू हिला. हिचे पाय घसरताहेत, आत — मी पण धरतो, वही ठेव