कागदाचा पाय

बुधवार, ३ जून २००९

पुन्हा चावले! दुसऱ्यांदा. उद्या दोन्ही जोड परत न्यायचे.

निधीला नोकरीचं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. मद्रासबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात, माल तपासायच्या विभागात घेतलंय तिला. बावीस तारखेला हजर व्हायचं. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे — सेफ्टी शूज ज्याचे त्याने आणावेत, त्याशिवाय गेटच्या आत सोडणार नाहीत. मला इंग्रजी अडखळत येतं, पण ही ओळ मी तीनदा वाचली.

पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. आणि माझ्या पोरीचा उजवा पाय सात नंबरचा, डावा पाचचा. पोलिओ झालेला तो डावा. म्हणून आम्ही कायम दोन जोड घेतो, एक सातचा, एक पाचचा. दोन्ही एकाच बनावटीचे, नाहीतर तळ खालीवर होतो आणि चाल आणखी बिघडते. सातातला उजवा घालायचा, पाचातला डावा. उरलेले दोन माळ्यावर.

दुकानात पाटी आहे — सात दिवसांत, बिलासह, तळ मळलेला नसावा. मी नियम पाळतो. घरात सतरंजी पसरतो, तिच्यावर निधी चालते. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. मग थांबते आणि म्हणते, "आप्पा, अंगठ्यापाशी चावतो हो."

पहिल्या दिवशी मी निघालो तेव्हा तिने विचारलं होतं, "मी पण येऊ?" म्हटलं, उन्हात तू कशाला?

गुरुवार, ४ जून

परत दिले. तिसरे आणले.

दुकान पॅरीजच्या बाजारात, कामगारांच्या बुटांचं. परतीच्या खिडकीवर चंद्रमौळी म्हणून गृहस्थ बसतात, माझ्याच वयाचे. तंजावरची मराठी माणसं. कैक पिढ्या इकडेच गेल्या. पहिल्या दिवशी मी तोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली तर म्हणाले, "मराठींतच सांगा की! अमीही मराठीच." त्यांचं बोलणं ऐकलं की जुनी पोथी वाचतोय असं वाटतं, मध्येच "सरि" आणि "अय्यो". माझ्या सांगलीकडच्या बोलण्याला ते हसतात. "तुमची मराठी भांडल्यासारखी अहे, सेट्." सोनं गाळणारा गलाईवाला म्हटलं की इकडे सगळे सेट् म्हणतात. माझं दुकान सावकारपेठेत दहा बाय आठचं, एक भट्टी आणि एक तराजू — कसला शेठ!

आज म्हणाले, "मानाजी सेट्, पुन्हा आलांत?"

"अंगठ्याला लागतो."

मी खिशातून कागद काढले. निधीचे पाय तपकिरी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवतो, मग कापतो. दरवर्षी दसऱ्याला नवे काढतो. सातचा उजवा कागद, पाचचा डावा. ते बुटात सरकवून बघितले. चांगले बसले. चंद्रमौळी टक लावून बघत होते.

शनिवार, ६ जून

चावतो म्हणाली.

हिने पोळ्या लाटता लाटता ऐकलं. "बूट आणताय का जावई बघताय? तीन स्थळं फिरवली!" निधी खो खो हसली. मलाही हसू आलं. मग बराच वेळ वाईट वाटत राहिलं, कारण खरं स्थळ अजून एकही आलेलं नाही.

तिला म्हटलं, नीट दाखव कुठे चावतो. तिने अंगठ्यावर बोट ठेवलं. लाल काही दिसलं नाही. पण दुखणं दिसायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

सोमवार, ८ जून

उपवास. कंदस्वामीच्या देवळात पहाटे जाऊन आलो. नाव मात्र रेवणसिद्धाचं घेतलं, इथे राहूनही आमचा देव गावाकडचा तोच. मागितलं काही नाही. फक्त म्हटलं, बूट मिळेपर्यंत मी थांबणार नाही, तुझं लक्ष असू दे.

तिसरे परत, चौथे घेतले. चंद्रमौळींनी बिलामागे काहीतरी खूण केली. "ही कसली?" तर म्हणाले, "वरून सांगितलं अहे."

बुधवार, १० जून

चौथेही नाही. बारा दिवस राहिले.

गुरुवार, ११ जून

परतीच्या खिडकीमागे भिंतीला एक कागद चिकटवलाय. चंद्रमौळींनी तो दाखवला. वारंवार माल परत करणाऱ्यांची नावं. नऊ नावं, त्यात आठ ठेकेदार, आणि खाली मी. स्पेलिंगही चुकलेलं.

"तीनदां झालें की बंद. हा चौथा मी माझ्या अंगावर घेतो. पुढचा जो न्याल तो तुमचाच, सेट्. बसो वा न बसो."

"आणि तो चावला तर?"

"अमच्या हातांत काय अहे, सांगा."

चौथ्याचे पैसे घेतले, पाचवा घेतला नाही. एकच संधी राहिली, ती घाईत घालवायची नाही.

एकोणपन्नास वर्षांत कुठल्याही यादीत माझं नाव आलं नव्हतं. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांचीसुद्धा मास्तर यादी करायचे, त्यातही नाही. आज आलं. घरी येईपर्यंत बसमध्ये बसावंसं वाटेना, जागा असून उभा राहिलो.

शुक्रवार, १२ जून

भट्टी पेटवलीच नाही. ब्रॉडवे, मूर मार्केटची बाजू, गिंडीतली दोन दुकानं पालथी घातली. सगळीकडे लोखंडी टोपीचा बूट सहापासून पुढे. "पाच? लेडीज? इल्लै!" एक जण म्हणाला, सहाच्या आत कापूस भरा. कापूस भरला की पाय आत फिरतो, हे त्याला कुठून माहीत!

म्हणजे तेच दुकान. उद्या मालकाला भेटायचं. नाही म्हणाला तर सोमवारी परत जायचं.

शनिवार, १३ जून

भेटलो. मालक नारायणस्वामी. कपाळावर विभूती, समोर ताकाचा पेला. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवतो. चंद्रमौळी मध्ये उभे राहून माझं तमिळ नीट करून सांगत होते.

मी म्हटलं, नियमाप्रमाणे परत करतो, मग नाव भिंतीवर कशाला?

ते म्हणाले, "सेट्, नियम तुमच्यासारख्यांसाठी केला. पण वापरतात कोण? तपासणीचा साहेब यायचा असला की ठेकेदार पंचवीस जोड नेतो. साहेब गेला की तिसऱ्या दिवशी पंचवीस जोड परत. मजूर पुन्हा चपलेवर. मी काय करू?"

"मी ठेकेदार नाही. मला मुलगी आहे."

"ते मला दिसतं. कॉम्प्युटरला दिसत नाही." मग बोट हलवत म्हणाले, "तुमच्या धंद्यात परत आलेल्या मालाचं काय करता?"

मी खरं तेच सांगितलं. आमच्याकडे मोडीचं सोनं येतं, ते मुशीत घालतो, भट्टीत वितळतं. आधी कुणाच्या गळ्यात होतं, त्याची खूण राहत नाही. नवंच होतं.

ते हसले. "मग झालं तर! बूट वितळत नाही, सेट्. चार घरच्या सतरंज्या फिरून आलेला बूट मी नवा म्हणून विकायचा — तुम्ही घ्याल?"

घेतला नसता मी. हेही लिहून ठेवतो.

तरी हटलो नाही. म्हटलं, एकदाच आणखी. शेवटचं. त्यांनी ताक संपवलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

बाहेर पडताना चंद्रमौळी फुटपाथपर्यंत आले. हळूच म्हणाले, "राग नको. एक विचारूं? चारदां तुमी आलांत, चारदां कागदाचा पाय आणलांत. कागदाच्या पायास अंगठा दुखत नाही, सेट्. पोरीस कां आणत नाहीत?"

म्हटलं, तिला ऊन लागतं.

"ओरगडमला ऊन नाही?"

मी बस पकडली.

रविवार, १४ जून

दुकान बंद. सकाळपासून डोक्यात चंद्रमौळींचं तेच एक वाक्य.

लिहूनच काढतो. दुसरं कुणी वाचणार नाही.

निधी चार वर्षांची होती. मद्रासहून सुट्टीला गावी गेलो होतो. विट्याच्या बाजारात तिला सँडल घ्यायला नेलं. दुकानदाराने मापपट्टी लावली. मग तिचा डावा पाय हातात धरून वर केला आणि पलीकडच्या भांडीवाल्याला हाक मारली — "अरे ये की इकडं, एका पोरीला दोन नंबर!" तो आला, त्याच्यामागून दोघंतिघं आले. सगळे हसले. दुष्टपणे नव्हे, गंमत म्हणून. निधीपण हसली, तिला वाटलं आपलं कौतुक चाललंय. मी तिला उचललं आणि सँडल न घेताच निघालो. एसटी स्टँडवर तिने विचारलं, "आप्पा, ते का हसत होते?" मी तिला भजी घेऊन दिली.

त्यानंतर कागद. अठरा वर्षं.

तिला मी कोंडून ठेवलं असं नाही. पॉलिटेक्निकला तीन वर्षं बसने गेली, एकटी. तमिळ माझ्यापेक्षा दसपट बरं बोलते. पण तिचा उघडा पाय परक्या माणसाच्या हातात — ते मला बघवत नाही. देवळात तिला पहाटेच नेतो. गर्दी नसते म्हणून, असं सांगतो. अनवाणी चालावं लागतं म्हणून, हे खरं.

आजवर समजत होतो, मी तिला जपतोय. आज देवापुढे बसल्यावर तसं म्हणता येईना. लाज तिची नव्हती. तिने कधी पाय झाकून ठेवला नाही. झाकत मी होतो.

कारखान्यात पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला विचारणारच, दोन पायांत दोन नंबर का? तेव्हा मी तिथे असणार नाही.

सोमवार, १५ जून

तिला म्हटलं, उद्या तू चल. "बरं," म्हणाली. एवढंच. सतरंजी गुंडाळून ठेवली.

मंगळवार, १६ जून

गेलो. सकाळी साडेदहाला, रस्त्याला भरपूर माणसं असताना. मुद्दाम.

निधी बाकावर बसली. स्वतःच मोजे काढले. माप घेणारा पोरगेला इसम खाली बसला, त्याने तिची टाच हातात घेतली. मला खांबाकडे बघावंसं वाटलं. नाही बघितलं. तिच्या पायाकडेच बघत राहिलो. बारीक पाय, घोट्याशी जरा वळलेला, नखं नीट कापलेली. तो इसम म्हणाला, "अक्का, पाच बरोबर. रुंदीला कमी." आणि बूट आणायला आत गेला. झालं! कुणाला हाक मारली नाही. शेजारी एक ठेकेदार हेल्मेटं मोजत होता, त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा सोळापासून मोजायला लागला.

चंद्रमौळी खिडकी सोडून आले. निधी त्यांच्याशी तमिळमध्ये बोलायला लागली, मग त्यांच्यासारख्या मराठीत. "मामा, तुमी अप्पांचें नांव भिंतीस लावलेंत कां?" ते लाजले. "लावलें बाई. काय करूं?"

"चांगलं केलंत. घरात सतरंजी आता फक्त ठिगळांची राहिलीय."

सगळे हसले. मीही हसलो. याच हसण्याची अठरा वर्षं भीती वाटत होती मला.

मग ती बूट घालून चालली. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पायरी उतरून थेट रस्त्यावर. नारायणस्वामी आतून ओरडले, "अम्मा, तळ मळेल! मग परत नाही घेणार!"

ती तिथूनच म्हणाली, "मळू दे सार. मळायलाच घेतलेत."

फुटपाथपलीकडच्या रसाच्या गाड्यापर्यंत गेली, वळली, आली. लंगडते ती. ते आहेच. पण थांबली नाही कुठे. एकदाही "चावतो" म्हणाली नाही. वीस मिनिटांत खरेदी आटोपली. पिशवी मी घ्यायला गेलो तर तिने दिली नाही.

येताना देवळात नेलं. भर उन्हात. दगड तापलेले, त्यावरून दोघंही पळत गेलो. ती माझ्यापुढे.

कागदाचे पाय संध्याकाळी भट्टीत टाकले.

सोमवार, २२ जून

कारखान्याची बस सहा दहाला कोपऱ्यावर येते. नाडी बांधता बांधता निधी म्हणाली, "आप्पा, हे बूट ओळखीचे नाही वाटले? पहिल्या दिवशी तुम्ही आणलेत तेच हे. तेव्हाही चावत नव्हते. एकही जोड चावत नव्हता."

"मग चारदा परत का करायला लावलेस?"

"तुम्ही मला न्याल म्हणून," म्हणाली, आणि बसकडे गेली.