तिवरवाडीच्या खाडीचे मूळ कार्ड

मी, विन्सेंट इनास मिस्किटा, वय वर्षे साठ, धर्म रोमन कॅथलिक, सरकारी नोकरीतून निवृत्त, राहणार तिवरवाडी, बोरिवली, हे माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके शाबूत आहे. डावा डोळा अधू आहे, पण लिहिण्यास त्याची अडचण नाही. मजवर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहिलेलेही नाही. १९४९ साली मी असाच एक कागद केला होता, तो रद्द समजावा. त्यात सर्व काही माझा धाकटा भाऊ लॉरेन्स याच्या नावे होते. लॉरेन्स आता हयात नाही, आणि असता तरी माझ्या हातून त्याने काही घेतले नसते. त्याचे कारण पुढे येईल.

कलम १. मला आमच्या चर्चच्या आवारात, आईबाबांच्या पायथ्याशी पुरावे. लॉरेन्सच्या शेजारची जागा मोकळी आहे. ती कार्मेनची, म्हणजे त्याच्या पत्नीची आहे. तेथे मला ठेवू नये. बँड लावू नये. माणसे फारशी येणार नाहीत, आणि रिकाम्या रस्त्यावर वाजणारा बँड मला फार वाईट वाटतो.

कलम २. माझ्या चौदा वह्या. या कशाच्या आहेत ते सांगितल्याशिवाय त्या कोणी ठेवणार नाही, म्हणून सांगतो. १९४३ सालापासून मी मासळीखात्याच्या एका कचेरीत होतो. कचेरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्याकडे कार्डांचे काम असे. देशभरच्या खाड्या, नद्यांची मुखे, सरोवरे आणि तलाव, प्रत्येकाचे एक कार्ड. पाण्याचा रंग कसा, खारटपणा किती, चिखल कसा, तिवरे उभी आहेत की तुटली, मासा अंडी घालायला येतो की नाही, हे सगळे ठिकठिकाणचे मास्तर, तरीवाले, पोस्टमास्तर लिहून पाठवीत. मी ते तपासून प्रत्येक कार्डावर शेरा मारी: चांगले, मध्यम, वाईट. मग जिल्ह्याची सरासरी, प्रांताची सरासरी, आणि सालअखेर छापील अहवाल. चिल्का सरोवरात कोणत्या महिन्यात पाणी गोडे होते हे मला तोंडपाठ होते. मी चिल्का पाहिलेले नाही. वसईच्या पलीकडे मी कधी गेलोच नाही.

मी निवृत्त झाल्यावर ती कार्डे रद्दीत गेली असे कळले. वह्यांत माझ्या हातची नक्कल आहे. मासळीचे शास्त्र शिकवणारे एखादे कॉलेज घेईल तर द्याव्यात. न घेईल तर ठेवून द्याव्यात. मात्र चणेवाल्याला देऊ नयेत.

कलम ३. माझे शाईचे पेन जयगडच्या खाडीवरील तरीवाले गुणाजी यांस पोस्टाने पाठवावे. दर वर्षी त्यांच्या कार्डाखाली एक ओळ जास्तीची असे: "औंदा मासळी बरी हाय. सायबांनी एकदा येऊन खावी." ती ओळ माहितीच्या कोणत्याही रकान्यात बसत नसे, म्हणून मी ती गाळीत असे. मला जेवायला बोलावणारे पत्र एवढेच येई, आणि त्याला मी कधी उत्तर धाडले नाही.

कलम ४. घर. हे आमच्या वडिलांचे घर. निम्मे माझे, निम्मे लॉरेन्सचे, मध्ये फळ्यांची भिंत. ती भिंत १९५३ साली लॉरेन्सने घातली. माझे निम्मे घर मी कार्मेनला देतो, आणि तिच्यानंतर, किंवा काही कारणाने तिला ते न मिळाल्यास, तिची मुलगी मार्सेलिना हिला देतो. भिंत काढायची की ठेवायची हे त्यांनी ठरवावे.

भिंत का आली ते आता लिहितो. हे कोणापाशी बोललेलो नाही.

लॉरेन्स खाडीवर जगला. बाबा म्हणत, विन्सूला अक्षर आहे आणि लॉरूला हात आहेत. बाबांचे जाळे त्याला मिळाले, मला शाळा मिळाली. १९५१ साली आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना निघाला. पुढच्या वर्षी खाडीचे पाणी कधी लाल, कधी जांभळे येऊ लागले. आधी चिखलातली निवटी मासळी गेली, मग बोय मरून वर तरंगू लागली.

एके दिवशी दुपारी लॉरेन्स थेट माझ्या कचेरीत आला. कोटात नव्हे, जाळ्यावरच्या कपड्यांत. एका हातात बाटलीभर लाल पाणी, दुसऱ्या हातात कागदात बांधलेली मेलेली मासळी. ती त्याने माझ्या टेबलावर, कार्डांवरच ठेवली. वास सुटला. सगळे वळून पाहू लागले.

"दादा, तू मासळीचा सायब ना? ही बग."

मी खालच्या आवाजात म्हणालो, "लॉरू, घरी बोलू. इथे नको."

"घरी काय बोलायचा? लिवायचा हितं ना? मग हितंच लिव."

शिपाई दशरथ याने पुढे होऊन ती मासळी उचलली आणि लॉरेन्सला पाणी प्यायला दिले. ते काम माझे होते. मला लाज वाटत होती, आणि ती भावाची वाटत होती, हे मी येथे कबूल करतो.

तरीही त्या संध्याकाळी मी खाडीवर गेलो, स्वतः पाणी मोजले, आणि तिवरवाडीच्या खाडीचे कार्ड खरे लिहिले: पाणी दूषित, अंडी नाहीत, शेरा वाईट.

आठ दिवसांनी साहेबांनी बोलावले. ते ओरडले नाहीत. त्यांनी धमकीही दिली नाही. नऊ वर्षांत प्रथमच ते म्हणाले, "बसा, मिस्किटा." मी बसलो. ते म्हणाले, "तुमचे एक कार्ड सगळा जिल्हा खाली ओढते आहे. अहवाल दिल्लीला जायचा आहे. शिवाय तुमचा भाऊ तिथला, म्हणजे लोक तुमच्यावरच बोट ठेवतील. मध्यम लिहा. तीन हजारांत एक खाडी, काय फरक पडतो?"

मला वर्षाने निवृत्त व्हायचे होते. पण खरे कारण ते नव्हे. खरे कारण असे, की मला खुर्चीवर बसवून घेतले होते, आणि बसलेल्या माणसाला नाही म्हणायला आधी उठावे लागते. मी उठलो नाही. कोऱ्या कार्डावर मी मध्यम असे लिहिले आणि सही केली. मूळ कार्ड फाडायला सांगितले होते. ते मी कोटाच्या खिशात घातले.

पुढच्या साली लॉरेन्सने आणि आणखी अकरा जणांनी कारखान्याविरुद्ध कलेक्टर कचेरीत अर्ज केला. सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने आमचा छापील अहवाल काढला आणि मोठ्याने वाचले: तिवरवाडी, स्थिती मध्यम, तपासणार व्ही. आय. मिस्किटा. अर्ज फेटाळला गेला. लॉरेन्स तेथे उभा होता. मी घरी होतो. त्या दिवशी मी रजा घेतली होती, मात्र तिकडे गेलो नाही.

तो संध्याकाळी आला आणि ओसरीवर माझ्यासमोर उभा राहिला. "तुज्या कागदान मावरा हाय, दादा. माज्या जाल्यान नाय." एवढेच बोलला. दुसऱ्या दिवशी फळ्या आणल्या.

पुढे त्याने होडी विकली आणि गोरेगावच्या एका स्टुडिओत पहारेकऱ्याचे काम धरले. तीन वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. विहिरीवर मी असलो तर तो घागर ठेवून परत जाई. त्याचा खोकला मला फळ्यांतून ऐकू येई. १९५६ च्या जुलैत खोकला थांबला. मी त्यांच्या दाराशी गेलो, तेव्हा कार्मेन उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "भावजी, आत येऊ नका. त्यांनी तुमचा नाव नाय घेतला." मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. लोक माझ्या अंगावरून आतबाहेर करीत होते.

कलम ५. मूळ कार्ड मार्सेलिनाला द्यावे, असे मी आधी लिहिले होते. लिहिता लिहिता लक्षात आले की, मेल्यावर खरे बोलायचे म्हणजे पुन्हा बसूनच राहायचे. म्हणून गेल्या महिन्यात मी कलेक्टर कचेरीत स्वतः गेलो, मूळ कार्ड आणि माझा जबाब दाखल केला: दुसरे कार्ड खोटे आहे आणि ते मी लिहिले. पेन्शन जाईल असे तेथील कारकुनाने मला बजावले. जाऊ दे. पोच मिळाली आहे, उत्तर आलेले नाही. पाणी अजून लाल येते. पोच मार्सेलिनाने सांभाळावी आणि उत्तर मागत राहावे.

कलम ६. खारटपणा मोजायची माझी काचेची नळी मार्सेलिनाला. ती शाळेत शिकवते. मुलांना खाडीवर नेऊन दाखवावी. बचत बँकेतील शिल्लक त्या अकरा जणांत, किंवा त्यांच्या बायकामुलांत, सारखी वाटावी. हे उपकार नव्हेत. माझ्या घरातील एकुलती एक खुर्ची साहेबांना पोचती करावी. निरोप देण्याची गरज नाही.

कलम ७. हे मागाहून लिहीत आहे. साक्षीला दोन माणसे लागतात. दशरथ अंधेरीहून येतो म्हणाला. दुसरे कोणी मला सुचेना. आज चर्चनंतर मी भिंतीपलीकडे गेलो आणि कार्मेनला म्हणालो, लॉरेन्सविषयी लिहिले आहे, ते तू ऐकावेस. ती ओसरीवर आली, पण बसली नाही. मार्सेलिनाने सगळे वाचून दाखवले. कार्मेनने ते उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकले. मग तिने विचारले, "साक्षीला कोण?"

मी म्हणालो, "दशरथ. दुसरा बघायचा आहे."

"मी करते."

मी तिला समजावले की, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. अंगठा उठवलास तर घर तुला मिळणार नाही.

ती म्हणाली, "मना घर नको, भावजी. तुम्ही खरा लिवलाव, ता मी ऐकला. तवरा माज्या नावावर ऱ्हाऊ द्या."

कलम ४ मी खोडलेले नाही. तिच्यापुरते ते कायदा खोडील, आणि घर मार्सेलिनाला जाईल. दुपारी दशरथ आल्यावर सह्या झाल्या. अंगठ्यासाठी शाईची डबी मार्सेलिनाने धरली. अंगठा उठवून झाल्यावर कार्मेन म्हणाली, "जेवलाव काय?" मी नाही म्हणालो. ती आत गेली आणि ताट घेऊन आली.

येथे मजकूर संपला. सर्व पाने मी वाचली आहेत.

ठिकाण: तिवरवाडी, बोरिवली, मुंबई
तारीख: २३ नोव्हेंबर १९५८, रविवार

सही: विन्सेंट इनास मिस्किटा

आम्हां दोघांदेखत सही झाली. आम्ही दोघांनी एकमेकांदेखत खाली सही व निशाणी केली:

१. दशरथ बाबाजी घाग, निवृत्त शिपाई, राहणार अंधेरी. सही.

२. कार्मेन, लॉरेन्स इनास मिस्किटा यांची पत्नी, राहणार तिवरवाडी. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.