न विचारता वाचलेली वही

अप्पा, आज नववीला 'इन्ट्रूड' हे क्रियापद शिकवलं. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण उदाहरणं तुमचीच दिली. तुम्हीही मला नववीतच शिकवलं होतं, आणि तुमच्याइतकं चांगलं इंग्रजी पुढे मला कुणीच शिकवलं नाही. तुमच्यावर राग धरूनच लिहायला बसलेय, तरी खोटं कशाला बोलू?

तुम्ही फळ्याला पाठ लावून उभे राहिला होतात. "चोर घरात शिरतो त्याला वेगळा शब्द आहे. इन्ट्रूड करणारा काही उचलून नेत नाही. त्याच्या मनात वाईट असेलच असंही नाही. पण समोरच्याला तो तिथं नको असतो, आणि तरी तो येतो." पुढे 'ऑन' लावायचं, म्हणालात. कुणाच्या एकांतावर, कुणाच्या दुःखावर. आणि भला माणूस कुणाकडे गेला की आधी विचारतो, मी इन्ट्रूड तर करत नाही ना? वर्ग हसला. "हसताय काय? आपण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर बाहेर थांबून खोकतो, तेच हे." मग सगळ्यांना लगेच कळलं. शिंगणापुरात आपल्या घराला दार नव्हतं, तसं कुणाच्याच नव्हतं. म्हणून तर उंबऱ्याबाहेर उभं राहून खोकायचं, हाक मारायची, आतून "या" ऐकू आलं की मगच आत जायचं. तुम्ही सख्ख्या भावाच्या घरातही खोकल्याशिवाय कधी गेला नाहीत. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा.

बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मी विहिरीवरून धुणं घेऊन परत येते, तर तुम्ही स्वयंपाकघरात उभे. हातात माझी वही, कपड्यांच्या खाली ठेवलेली. आईला आणि राहुरीहून आलेल्या आत्याला तुम्ही ती वाचून दाखवताय, वर्गात धडा वाचावा तशी, सावकाश, खणखणीत आवाजात. काय होतं हो त्या वहीत? संगमनेरला कॉलेजात इंग्रजी घ्यायचंय, होस्टेलवर राहायचंय, असली स्वप्नं. आणि वर्गातल्या एका मुलाचं हसणं आवडतं, असं एक वाक्य. त्या मुलाशी मी कधी बोललेही नव्हते. आत्या तोंडाला पदर लावून हसली. आई मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

मी रडत विचारलं, "अप्पा, ह्यालाच इन्ट्रूड म्हणतात ना?"

"बापाला त्यो शब्द लागत न्हाई," तुम्ही म्हणालात. शाळेत शुद्ध बोलणारे तुम्ही चिडलात की असे बोलायचात. मग वही चुलीत घातलीत.

त्याच उन्हाळ्यात मला नेवाशाला देऊन टाकलंत. संगमनेर राहिलं ते राहिलंच. काही उचलून नेत नाही म्हणे! माझं काय काय नेलंत, ते तुमच्या गावीही नव्हतं. पुढे सासरचं सगळं करून, दोन पोरं सांभाळून मी बाहेरून बीए केलं, मग बीएड. तेव्हा तुम्ही गावभर सांगत फिरलात, पोरगी माझ्यावर गेली. ते ऐकून माझं डोकं फिरायचं.

गेल्या महिन्यात आईनं तुमच्या डायऱ्यांची पेटी माझ्या ताब्यात दिली. म्हणाली, "ठिव, पर वाचू नगंस. त्यांना आवडायचं न्हाई." मी घरी आले आणि आधी ते वर्ष काढलं. त्या दिवसाचं पान सापडलं. 'पेपर तपासले. राहुरीहून आक्का आली. घरी सर्व ठीक.'

मग मी पुढची सगळी पानं वाचली, तुमच्या शेवटच्या आजारापर्यंतची. तुमचं खाजगी वाचताना मला जराही लाज वाटली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून कबूल करते. मी तुमच्या चुका शोधत नव्हते, अप्पा. पोरीचं काही चुकलं नव्हतं, एवढी एक ओळ शोधत होते. ती सापडली असती, तर मी तुम्हाला माफ करून टाकणार होते.